छपरीतला खलनायक

बाबा दुसऱ्याच्या लूमवर काम करायचे. कामठीत आमच्या गल्लीत यात काही विशेष नव्हतं, सगळेच करायचे. विशेष एवढंच की आमची खोली लूमच्या शेडला लागून होती, मधली भिंत एकच. लूम सुरू झाली की मांडणीवरची ताटं थरथरत. आई त्या भिंतीला टेकून सुताच्या कांड्या भरायची आणि मी त्याच भिंतीला टेकून अभ्यास करायची. वीज गेली की शेड गप्प व्हायची. लोकांना वाटेल, मग तर मला शांतपणे वाचता येत असेल. उलट तेव्हाच येत नसे. वीज गेली म्हणजे बाबांची मजुरी गेली, हे मला बाराखडीच्या आधी समजलं होतं.

त्या आवाजानं बाबांचे कान हळूहळू गेले. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागते. पाहुण्यांना वाटतं भांडण चालू आहे. मी कॉलेजात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा अख्खा वर्ग मागे वळला होता.

त्याच कॉलेजातून मी बीसीए झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी लाजत सांगत नाही आणि सांगणारही नाही. त्याच सुमारास डॉक्टर बाबांना म्हणाले की उरलेलं ऐकू येणं वाचवायचं असेल तर शेड सोडा. बाबा मला म्हणाले, "तुले पर्मनंट नोकरी लागली का मी त्या दिवशी लूम सोडतो. तवरक चालू दे."

म्हणजे माझ्या नोकरीवर बाबांचे कान टांगलेले होते. हे डोक्यात ठेवून मी वाडीला मुलाखतीला गेले आणि तिथे मला सर भेटले.

वाडीत, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्ट आणि गोदामांच्या कंपनीचं ऑफिस होतं. कंपनीच्या दोनशे गाड्या आहेत की तीनशे, हे मालकांनाही नक्की माहीत नव्हतं. ई-मेल मात्र सगळ्या गावांहून यायच्या. त्यांत काही चोर असायचे, खोट्या बिलांचे, खोट्या लिंकांचे, पासवर्ड पळवणारे. ते पकडायचं काम एका माणसाकडे होतं आणि त्याच्या हाताखाली वर्षभराच्या काँट्रॅक्टवर एक मदतनीस हवी होती. पर्मनंट जागा एकच, वर्षअखेर ठरवू, असं जाहिरातीतच लिहिलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक उंच माणूस बसला होता. डोक्यावरचे केस पांढरे शुभ्र, मिशी मात्र काळी कुळकुळीत, टोकं वर वळवलेली. त्यांनी माझी पदवी पाहिली, प्लास्टिकच्या पिशवीत परत नीट घातली आणि म्हणाले, "हे ठीक आहे. आता हासून दाखव."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे खलनायक हासते तसं. पोट धरून."

मी म्हटलं, "सर, मी नोकरीसाठी आली आहे. नाटकासाठी नाही. मी हासणार नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "पक्कं?"

"पक्कं."

"साहेब सांगून राहिला तरी?"

"तरी."

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "तुझ्या आधी सहाजण हासून गेले. या कामात साहेबाले नाही म्हणता आलं पाहिजे. बाकी कॉम्प्युटर कोनीबी शिकवते."

सर मूळचे झाडीपट्टीतले, वैनगंगेकाठच्या गावचे. तिकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात आणि तरुणपणी सर त्यांत खलनायक असत. जमीनदार, दारुडा मेहुणा, खोटा साधू, जे निघेल ते. एका गावात एक म्हातारी प्रयोग संपल्यावर चप्पल घेऊन रंगपटात शिरली होती आणि 'त्या पोरीले काहून छळतं रे मेल्या' म्हणत त्यांच्या पाठीत दोन हाणल्या होत्या. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगत आणि शेवटी पाठ वळवून दाखवत, जणू वळ अजून आहेत. पुढे वडिलांनी ओढून नागपूरला आणलं, कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं, नोकरी लागली. नाटक सुटलं. मिशी राहिली.

त्यांची काम करायची पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. संशयाची मेल आली की ते ती मोठ्यानं वाचत, खलनायकाच्या आवाजात. एक भुवई वर जायची, आवाज खाली उतरायचा. "आपले खाते... आज संध्याकाळी... बंद होत आहे." खाली गोदामात हमालांना ऐकू जायचं. वाचून झालं की मला विचारत, "शोभली काय?"

"शोभली, सर."

"मंग चोर आहे. खऱ्या मेलले हा आवाज शोभत नाई. चुंगी नाक्याची पावती या आवाजात वाचून पाह्य. हासू येते."

मी खरंच पाहिली वाचून. हसू येतं.

त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक खलनायकाकडे तीनच वस्तू असतात, घाई, गुपित आणि गोडवा. लवकर कर, कोणाला सांगू नको, तुझ्यासारखी हुशार तूच. एकच वस्तू असेल तर तो नुसता साधा माणूस. तिन्ही एकत्र दिसल्या की पडद्यामागे चप्पल तयार ठेवायची.

अशा मेल ते पुसत नसत. ऑफिसचं जुनं सॉफ्टवेअर थोडा संशय आला की मेल थेट उडवायचं. त्यात कितीदा खरे निरोपही गेले होते. सरांनी ते उडवणं बंद केलं. आमच्याकडे घरापुढच्या पडवीला छपरी म्हणतात. अनोळखी माणूस आला तर त्याला छपरीत बसवतात, पाणी देतात, कुठून आला विचारतात. घरात एकदम घेत नाहीत आणि दारातून हाकलतही नाहीत. सरांनी अडवलेल्या मेलच्या कप्प्याला छपरी हेच नाव दिलं. कॉम्प्युटरवर तसंच लिहिलेलं होतं. "छपरीत बसव, विचार, मंग ठरव," हे वाक्य मी वर्षभरात इतकं ऐकलं की आई काही विचारायला आली तरी माझ्या तोंडून तेच निघायचं.

मालकांना, म्हणजे शेठजींना, हे आवडलं नाही. ते एकदा स्वतः जिना चढून वर आले. "मेरा मेल भी बाहर बैठता है क्या? मालिक हूँ मैं."

सर उभे राहिले, खुर्ची दिली आणि म्हणाले, "शेठजी, चोर कोनाच्या नावानं येईन? माझ्या नावानं येईन तं कोन उघडन? तुमच्याच नावानं येईन. म्हणून तुमचीच मेल पहिले बसते. सूट कोनालेच नाई. मले बी नाई."

शेठजींनी एकदा मिशीकडे पाहिलं. "पानी तो देते हो ना?" एवढंच विचारून खाली गेले.

सरांचा दुसरा नियम चहाचा. कुणी चुकून वाईट लिंक दाबली आणि स्वतः वर येऊन सांगितलं, तर त्याला रागवायचं नाही. चहा पाजायचा आणि विचारायचं, दाबताना मनात काय आलं होतं? आणि तो बोलेल ते गप्प ऐकायचं. दुसऱ्या ऑफिसांत लोक चूक लपवतात, आमच्याकडे लोक चहासाठी धावत यायचे.

लोकांना सराव राहावा म्हणून सर स्वतः खोट्या मेल लिहून पाठवत. लॉटरी लागली, विम्याचे पैसे आले असल्या मेलना ते हात लावत नसत. "आपल्या माणसाले काय पाहिजे हे चोराले माहीत नाई, मले माहीत आहे," म्हणत. एका सकाळी साऱ्या ऑफिसला मेल गेली: शेठजींच्या वाढदिवसानिमित्त कँटीनमध्ये तर्री-पोहे, तर्री कशी हवी ते खाली दाबून कळवा, कमी, मध्यम, झणझणीत. मर्यादित प्लेटा, दहाच्या आत.

पाच मिनिटांत जवळपास अख्ख्या ऑफिसनं दाबलं. दाबलं की पडद्यावर सरांचा जुना फोटो यायचा, जमीनदाराचा फेटा, हातात चाबूक, आणि खाली लिहिलेलं, 'फसला. चहा घ्यायला वर ये.' जिन्यावर रांग लागली. रांगेत अकाउंट्सच्या वंदनाताई होत्या, डिस्पॅचचे गजूभाऊ होते आणि मधोमध शेठजी. त्यांनी झणझणीत दाबलं होतं.

सरांनी विचारलं, "शेठजी, वाढदिवस तुमचा. तुमाले तं माहीत होतं आज नाई म्हणून."

"मेरे को लगा तुम लोगों ने सरप्राइज रखा होगा," शेठजी म्हणाले आणि मुकाट्यानं चहा प्यायले.

गजूभाऊ मात्र भडकले. "सर, चहानं काय होते? सकाळपासून तर्रीचा वास येऊन राहिला नाकात. पोहे कुठी आहे?"

मुद्दा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या खर्चानं खरोखरच तर्री-पोहे मागवले आणि सगळ्यांना खरीखुरी मेल पाठवली, पोहे आले आहेत, या. एकही माणूस फिरकला नाही. उलट आमच्याकडे तक्रारींचा ढीग पडला, 'सर पुन्हा फसवून राहिले.' पातेलं थंड झालं, तर्रीवर साय धरल्यासारखं तेल जमलं. सर रिकाम्या कँटीनमध्ये एकटे बसले होते. मला वाटलं वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, "वं पोरी, सारे शिकले. माझ्या नाटकाले असं हाऊसफुल कधी गेलं नाई." मग मी खाली जाऊन जोरात ओरडले की पोहे खरे आहेत. आमच्या घरचा आवाज. तेव्हा कुठे लोक आले.

आता माझ्या कामाबद्दल. मेलचा आकडा वाढत चालला होता आणि प्रत्येक मेल सर मिशी फिरवत वाचणार कसे? मला यंत्राला हे करायला शिकवायचं होतं. मी एक प्रोग्राम लिहायला घेतला. जुन्या हजारो मेल एकीकडे चांगल्या, एकीकडे वाईट अशा वेगळ्या केल्या आणि त्याला शिकवलं की घाई, गुपित आणि गोडवा कसा दिसतो. येईल त्या मेलला त्यानं गुण द्यायचे, गुण फार झाले की मेल आपोआप छपरीत.

पहिल्याच दिवशी त्यानं अख्खं डिस्पॅच छपरीत बसवलं.

कारण सोपं होतं. ट्रान्सपोर्टमध्ये घाई नसलेली मेल नसतेच. गाडी बुटीबोरीला अडकली, अर्जंट. टायर फुटला, अर्जंट. मुनीम जेवायला गेला, तरी अर्जंट. दुपारपर्यंत गजूभाऊ वर आले. "ताई, माह्या साऱ्या गाड्या तुमच्या छपरीत उभ्या आहे. चहा-पानी झालं असन तं सोडा."

मी आठवडाभर डोकं लावलं. खरी घाई आणि खोटी घाई यांत फरक काय? दोन्ही ढिगांतल्या मेल समोरासमोर ठेवून वाचत बसले आणि एका दुपारी दिसलं. डिस्पॅचच्या खऱ्या घाईत शिवी असते. 'अबे कुठी मेला, गाडी काहून नाई निघाली, फोन उचल', असं. शिवी असते, गाडीचा नंबर असतो आणि फोन कर म्हणून ओरडणं असतं. चोराची घाई मात्र फार सभ्य. कृपया, विनंती, महोदय, आणि कृपया फोन करू नका.

मी सरांना हे सांगितलं. ते खोलीत फेऱ्या मारायला लागले. "बरोबर आहे. स्टेजवर मी कधी शिवी दिलीच नाई. खलनायक लय गोड बोलते. शिव्या हिरोचा बाप देते."

मग यंत्राला शिव्या शिकवणं आलं. त्यासाठी आधी त्या गोळा करायला हव्यात. मी वही-पेन न घेता सरळ लॅपटॉप घेऊन गजूभाऊंसमोर बसले. "गजूभाऊ, ड्रायव्हरले ज्या ज्या शिव्या देता त्या सांगा."

गजूभाऊ लाल झाले. "ताई, तुमच्यासमोर कसं बोलू जी मी?"

"कंपनीचं काम आहे."

"तरी बी. माह्या घरी पोरी आहे."

मी म्हटलं, "गजूभाऊ, मी लूमच्या शेडीच्या बाजूले लहानाची मोठी झाली. मी म्हणते, तुम्ही फक्त हाव-नाही करा." आणि मी सुरू केलं. ते मान हलवत गेले. शेवटी शेवटी म्हणाले, "हे दोन तं मलेबी माहीत नव्हत्या," आणि मोठ्या आदरानं निघून गेले.

त्यानंतर यंत्र सुधारलं. खरं पाहता ते यंत्र चाललं की नाही हे वंदनाताईंमुळे कळलं. आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडून मेल आली, त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून, की आमचं बँक खातं बदललं आहे, आजच नव्या खात्यात भरावं, फोन खराब असल्यानं कृपया फोन करू नये, आपल्यासारख्या तत्पर मॅडम लाभल्या हे आमचं भाग्य. ऑफिसच्या जुन्या सॉफ्टवेअरनं ती सोडली, कारण पत्ता ओळखीचा होता. माझ्या प्रोग्रामनं ती छपरीत बसवली. मी ती घेऊन खाली गेले. वंदनाताईंनी साऱ्या अकाउंट्ससमोर ती वाचली, भुवई वर, आवाज खाली, हुबेहूब सर. 'आपल्यासारख्या तत्पर मॅडम' या ठिकाणी सगळे टाळ्या पिटायला लागले. मग त्यांनी टायरवाल्याला फोन लावला. फोन धडधाकट होता. त्याच्या मेलमध्ये कुणीतरी शिरलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

 सरांनी त्या दिवशी माझ्या टेबलावर चहा स्वतः आणून ठेवला. चुकणाऱ्याला मिळणारा चहा न चुकता मिळालेली मी पहिलीच.

मधलं एक सांगायचं राहिलं. मी एकदा बोलता बोलता म्हटलं होतं की आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबते. सर त्यावर अडून बसले की मला हे पाहायचं आहे. एका रविवारी धरमपेठेतल्या त्यांच्या घरून बस, मग शेअर ऑटो करत ते कामठीला आले, हातात केळ्यांची फणी. शेडमध्ये बाबांनी लूम चालवून दाखवली. धागा तुटला, खट्ट झालं, लूम थांबली. सर वाकून पाहत राहिले. "फाडत नाई, फेकत नाई. थांबते अन् माणसाची वाट पाहते. पोरी, असंच पाहिजे आपल्याले." बाबांनी पुन्हा चालवली. सरांनी पुन्हा धागा तोडायला लावला. असं चारदा झाल्यावर आई माझ्या कानात म्हणाली, "काहून वं, तुहा साहेब बरा आहे ना?"

पण खरी गंमत पुढे झाली. जेवायला बसल्यावर सर बोलले तेव्हा बाबांनी मान वर केली. झाडीपट्टीत माईक नसतानाही मागच्या रांगेला ऐकू जाईल असा तो आवाज, शब्द शब्द सुटा. बाबांना प्रत्येक वाक्य ऐकू येत होतं. कित्येक वर्षांत एका पाहुण्याशी बाबा असे बोलले नव्हते. दोघांनी शेती, पाऊस, बैलबाजार, सगळं काढलं. बाबांनी त्यांना कानांचंही सांगितलं आणि डॉक्टरांचंही. "पोरगी पर्मनंट झाली का सोडतो म्हणतो लूम," बाबा म्हणाले. "होईन ना जी?"

सर म्हणाले, "पाहू. जागा एकच आहे."

सर गेल्यावर बाबा म्हणाले, "हा माणूस साफ बोलते. बाकीचे लोकं नुसते पुटपुटते."

वर्ष संपत आलं. पुण्याहून एक विक्रेता शेठजींकडे येऊन गेला. त्याच्याकडे एक नवीन पेटी होती, सगळं आपोआप करणारी. माणूस लागत नाही, संशय आला की मेल उडवते, विषय संपला. शेठजींना पटत होतं. त्यांनी सरांवर सोपवलं, पोरगी ठेवायची की पेटी, तुम्ही सांगा.

सरांनी मला बोलावलं. त्या दिवशी मिशीला हात नव्हता. "ऐक. या महिन्यात मी एक मेल लिहीन, साऱ्या ऑफिसले. माझ्या जिंदगीतला सगळ्यात चांगला खलनायक. तुझ्या मशीननं छपरीत बसवला तं जागा तुझी. आत घुसला तं मी शेठले म्हणीन पेटी घ्या."

"सर, मेल कोणत्या पत्त्यावरून येईल?"

"खलनायक विंगेत उभा राहून आपला पत्ता सांगते काय?"

मी घरी सांगितलं. बाबा नेहमीसारखे ओरडून म्हणाले, "मंग त्यात काय."  दुसऱ्या दिवसापासून मी रोज छपरी सकाळ-संध्याकाळ झाडून पाहायला लागले. पार्सलच्या खोट्या मेल, वीज तोडण्याच्या धमक्या, लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या फाइली. सगळ्या आवाजात वाचल्या. सरांची एकही वाटेना.

एका मंगळवारी दुपारी यंत्रानं एक मेल अडवली, सगळ्यांत जास्त गुण देऊन. मी उघडली. सरांच्या स्वतःच्या ऑफिसच्या पत्त्यावरून आली होती. अशी होती:

'माझ्या अत्यंत हुशार आणि प्रेमळ सोबत्यांनो, मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडत आहे. झाडीपट्टीतल्या माझ्या जुन्या मंडळानं परत बोलावलं आहे. पहिल्या प्रयोगाला पहिली रांग तुमच्यासाठी राखून ठेवायची आहे. आज पाचच्या आत खाली नाव टाका, नंतर जागा मिळणार नाही. शेठजींना कृपया अजून सांगू नका. फोन करू नका, मला रडू येईल.'

घाई, गुपित, गोडवा. शिवी एकही नाही. खलनायक म्हणून बघितलं तर अस्सल.

तरी माझा हात थांबला. कारण वाचताना मला आवाज लावता आला नाही. भुवई वर गेली, पण आवाज खाली उतरेना. हे खरं असलं तर? ज्या माणसानं मला काम शिकवलं त्याचा निरोप मी छपरीत बसवून ठेवला आणि पाच वाजून गेले, त्याची पहिली रांग रिकामी राहिली तर? मोठ्या माणसाला बाहेर बसवून ठेवायची आमच्याकडे रीत नाही. आणि सोडली आणि ती परीक्षा निघाली, तर बाबांचे कान.

मग मला वाटलं, यात विचार करण्यासारखं आहेच काय? विचारायचं. मेल म्हणते विचारू नका, म्हणून तर विचारायचं.

सर जागेवर नव्हते. गोदामात नव्हते. फाटकाबाहेरच्या टपरीवर बाकड्यावर बसले होते, समोर दोन कप.

मी म्हटलं, "सर, एक मेल आली आहे तुमच्या नावानं."

"कोन, मी?" पूर्ण जमीनदाराचा आवाज. टपरीवाला दचकला.

"छपरीत बसून आहे."

"पानी-बिनी दिलं काय त्याले?"

"सर, मस्करी नका करू. तुम्ही पाठवली काय?"

त्यांनी एक कप माझ्याकडे सरकवला. आवाज साधा झाला. "हाव. म्या पाठवली."

"म्हणजे परीक्षेची."

"हाव."

"म्हणजे त्यात लिहिलं ते खोटं आहे."

"नाई. ते खरं आहे. मंडळवाल्याचा फोन तं दिवाळीतच आला होता. मी जाऊन राहिलो."

मी उभीच राहिले. "मग मशीननं खरी मेल अडवली. म्हणजे चुकलं."

"काहून चुकलं वं? खरी आहे हे तुले कसं समजलं?"

"तुम्हाले विचारलं म्हणून."

"मंग झालं ना." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पेटीनं उडवली असती. माझा निरोप कोनालेच भेटला नसता. मी तिकडे रिकाम्या खुर्च्यांसमोर चाबूक फिरवत बसलो असतो. जुन्या सॉफ्टवेअरनं घरात घेतली असती, साहेबाची मेल म्हणून. तू बसवलं, विचारलं. साहेबाले बसवलं. हे महत्त्वाचं."

मी तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. "सर, जागा एकच आहे म्हणत होते तुम्ही. ती कोणती?"

"कोणती म्हणजे? ह्या डिपार्टमेंटले पर्मनंट जागा एकच होती. मी बसलो होतो तिच्यावर."

"वर्षभर माहीत होतं तुम्हाले?"

"कामठीहून येताना ऑटोत पक्कं केलं," ते म्हणाले. "उगा डोळ्यात पानी नको आणू. मेल्या त्या खुर्चीत मी साइड रोलच करून राहिलो होतो. मले मेन खलनायक व्हायचं आहे. चहा पी, थंडा होऊन राहिला."

मी प्यायले. तो माझा दुसरा चहा.

"आता मेल सोडू?" मी विचारलं.

"पहिले शेठजीले दाखव. त्याच्यापासून लपवायचं लिहिलं आहे ना, त्यालेच पहिले."

शेठजींनी मेल वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. "ये आदमी भाग रहा है और मेरे को बोलना मना है?" मग थोडं थांबून म्हणाले, "पहली रो में मेरा भी नाम डाल." पेटीवाल्याला त्यांनी काय कळवलं ते मला माहीत नाही. तो परत आला नाही.

पाच वाजायच्या आत मी मेल सोडली. वंदनाताईंनी मला खालून ओरडून विचारलं, खरी आहे का. गजूभाऊंनी विचारलं. हमालांनीही विचारलं. प्रत्येकानं आधी विचारलं, मगच नाव टाकलं. सर वरच्या खिडकीतून हे सगळं पाहत मिशी पिळत उभे होते.

त्यांचा प्रयोग आम्ही बस करून जाऊन पाहिला. बाबाही आले. पहिल्या रांगेत बसून त्यांना सगळे संवाद ऐकू आले, आणि सरांनी नायिकेचं घर बळकावलं तेव्हा आईनं माझ्या शेजारी बसून खाली वाकून चप्पल चाचपली. मी तिचा हात धरला.

मी आता त्या कंपनीत पर्मनंट आहे. सरांच्या खुर्चीत बसते. छपरी चालू आहे आणि तिच्यात कोणालाच सूट नाही, मलाही नाही. बाबांनी लूम सोडली. त्यांना जेवढं ऐकू येत होतं तेवढं अजून येतं.